प्रोफेसर लाँगहेअरच्या 'हरवलेल्या' टेप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू ऑर्लीन्सचा ब्लूज पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअर (चाहत्यांचा 'फेस') आणि त्याची १९७१-७२ मधली, पुढे कित्येक वर्षं पडून राहिलेली रेकॉर्डिंग, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्या श्रोत्यांसाठी, मधले वाजवणाऱ्यांसाठी आणि शेवटचे टेप-तबकड्यांच्या व कायद्याच्या भानगडीत पडलेल्यांसाठी. एक गोष्ट दोनदा सांगायची नाही म्हणून उत्तरांत एकमेकांकडे बोट दाखवलं आहे.

१. प्रोफेसर लाँगहेअर म्हणजे नेमका कोण? मी नाव पहिल्यांदाच ऐकतोय.

खरं नाव हेन्री रोलंड बर्ड. जन्म १९ डिसेंबर १९१८, लुइझियानातल्या बोगालुसा गावी. मृत्यू ३० जानेवारी १९८०, न्यू ऑर्लीन्समध्ये. लहानपणी रस्त्यावर पावलांनी ताल धरून नाचायचा, पियानोकडे नंतर वळला, आणि शिकला तोही काही पट्ट्या मोडलेल्या जुन्या पियानोवर. टट्स वॉशिंग्टनसारखे आधीच्या पिढीचे वादक त्याने जवळून ऐकले होते. ब्लूजच्या चालीला त्याने रुम्बा आणि कॅलिप्सोचा कॅरिबियन ताल जोडला. फॅट्स डॉमिनो, ॲलन टूसाँ, डॉक्टर जॉन हे न्यू ऑर्लीन्सचे पुढचे सगळे मोठे पियानोवाले कमी-अधिक त्याच्याच सावलीत वाढले.

प्रसिद्धी मात्र त्यांना मिळाली, याला नाही. देशभर गाजलेली त्याची तबकडी एकच : 'बाल्ड हेड', १९५०, मर्क्युरी कंपनी, तीही 'रॉय बर्ड अँड हिज ब्लूज जंपर्स' या नावाने. अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत ती पाचव्या क्रमांकापर्यंत गेली.

२. 'हरवलेली रेकॉर्डिंग' म्हणतात ती कुठली?

१९७१ साली लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये आणि १९७२ साली टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये झालेली स्टुडिओ सत्रं. दोन्ही वेळी गिटारवर स्नूक्स ईगलिन होता. यातली निवडक गाणी १९८७ मध्ये राउंडर कंपनीने 'हाउस पार्टी न्यू ऑर्लीन्स स्टाइल' या नावाने काढली, आणि मुखपृष्ठावरच 'लॉस्ट सेशन्स १९७१-१९७२' असं छापलं. त्याच काळातला आणखी ऐवज १९९१ मध्ये 'मार्डी ग्रा इन बॅटन रूज' या नावाने आला.

म्हणजे ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांत एका अल्बमला सुमारे १५ वर्षं गेली, दुसऱ्याला २०. मधल्या काळात वादक वारला.

३. टेप खरंच हरवल्या होत्या का? कुणाच्या माळ्यावर सापडल्या वगैरे?

नाही. माळा नाही, पेटारा नाही. 'लॉस्ट' हा शब्द विक्रीसाठी बरा आहे, एवढंच. टेप ज्यांच्याकडे गेल्या त्यांच्याकडेच होत्या. क्विंट डेव्हिस आणि पार्कर डिंकिन्स यांनी ही सत्रं करवून घेतली आणि रेकॉर्ड कंपनी मिळवण्याच्या खटपटीत टेप अल्बर्ट ग्रॉसमनच्या बेअर्सव्हिल कंपनीकडे पोचल्या. ग्रॉसमन म्हणजे बॉब डिलनचा एकेकाळचा व्यवस्थापक. तिथे त्या फडताळात बसल्या. ग्रॉसमन जानेवारी १९८६ मध्ये वारला आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्या बाहेर आल्या.

हरवला होता तो माणूस. १९६४ च्या 'बिग चीफ'नंतर (प्रश्न ९ पाहा) त्याला काम मिळेना. साठच्या दशकाच्या अखेरीला तो पत्त्यांच्या जुगारावर आणि एका रेकॉर्डच्या दुकानात झाडलोट करून दिवस काढत होता. शहरातल्या संगीतवाल्यांनाही तो हयात आहे की नाही याची खात्री नव्हती. न्यू ऑर्लीन्स जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल १९७० मध्ये सुरू झाला. दुसऱ्या वर्षासाठी वादक शोधताना क्विंट डेव्हिस आणि ॲलिसन मायनर यांनी त्याला हुडकलं, १९७१ च्या महोत्सवात तो वाजवायला बसला आणि त्याच वर्षी बॅटन रूजची सत्रं झाली. त्यामुळे 'रिडिस्कव्हर्ड' हे विशेषण आधी माणसाला लावा, मग टेपला.

४. इतकी वर्षं कामाबाहेर असलेल्या वादकाची रेकॉर्डिंग, म्हणजे हात आखडलेले असणार. मग कौतुक कशाचं?

हात आखडलेले नाहीत, ऐकून बघा. आवाज मात्र फाटलेला आहे. तो आधीही फाटलेलाच होता; वरच्या पट्टीत जाताना तो मुद्दाम चिरकू देतो.

या टेपचं मोल दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे ईगलिनची गिटार. हा अंध गिटारवादक बास, ताल आणि मुख्य सूर तिन्ही एकटा सांभाळत असे, त्यामुळे पियानोच्या डाव्या हाताला पाठीवर ओझं उरत नाही आणि फेस मोकळा सुटतो. दोघं एकमेकांच्या मोकळ्या जागा हेरून वाजवतात, क्वचितच एकमेकांवर चढतात. दुसरी गोष्ट म्हणजे वाद्यांची कमी गर्दी. १९५३ च्या ॲटलांटिकच्या तबकड्यांवर सॅक्सोफोन आहेत आणि गाणं तीन मिनिटांत बसवायची घाई आहे. इथे पियानो, गिटार, बास, ड्रम एवढंच. पियानोचा मधला भाग, म्हणजे डाव्या हाताचा अंगठा आणि उजव्याचा अंगठा यांच्यातली बाचाबाची, इतकी स्पष्ट इतरत्र क्वचितच मिळते.

५. बॅटन रूज आणि मेम्फिस, दोन सत्रांत फरक काय? कानाने ओळखता येतो का?

ताल विभागावर कान ठेवा. मेम्फिसला ड्रमवर झिगाबू मॉडेलिस्ट आहे, 'द मीटर्स' या न्यू ऑर्लीन्सच्या फंक बँडचा. बासवर जॉर्ज डेव्हिस. झिगाबूची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडते आणि हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) बारीक कुजबुज चालू असते, त्यामुळे गाणी फंककडे झुकतात. बॅटन रूजची वाजवणी त्या मानाने सरळ आहे, जुन्या बारमध्ये चालावी तशी.

तरी एखाद्या गाण्याबद्दल पैज लावण्याआधी सीडीच्या पुस्तिकेतली वादकांची नावं वाचा. अंदाज चुकतात, विशेषतः संथ गाण्यांत.

६. ग्रॅमी याच अल्बमला मिळाली ना?

हो, 'हाउस पार्टी'ला, पारंपरिक ब्लूज विभागात, १९८८ च्या समारंभात. वादक जाऊन आठ वर्षं झाली होती.

७. सुरुवात कुठून करू? एकदम पाच-सहा अल्बम दिसतात.

हा क्रम धरा :

आधी १९५३ ची 'टिपिटिना', ॲटलांटिकची. एकच गाणं, तीन-चार वेळा. ते 'न्यू ऑर्लीन्स पियानो' या संकलनात आहे. हे संकलन १९७२ चं, पण त्यातलं सगळं रेकॉर्डिंग १९४९ आणि १९५३ चं. मग 'हाउस पार्टी' पूर्ण. मग १९८० चा 'क्रॉफिश फिएस्टा' (ॲलिगेटर कंपनी), ज्यात डॉक्टर जॉन चक्क गिटार वाजवतो. फेसच्या हयातीत ध्वनिमुद्रित झालेला हा शेवटचा स्टुडिओ अल्बम. अल्बम बाजारात येण्याच्या तोंडावरच फेस गेला.

'क्रॉफिश फिएस्टा'पासून सुरुवात करावी असं बरेच जण सुचवतात, कारण ध्वनी सर्वांत स्वच्छ आहे. आमचं मत वेगळं. तिथे सॅक्सोफोनची साथ इतकी भरघोस आहे की नवख्या कानाला पियानो सुटा ऐकू येत नाही. 'हाउस पार्टी' ऐकल्यावर तो सुटा करता येतो.

थेट कार्यक्रमांचे अल्बम शेवटी घ्या (प्रश्न ११).

८. 'टिपिटिना' किती वेळा रेकॉर्ड झालं? ॲपवर दहा-बारा दिसतात, कोणतं खरं?

सगळी खरीच. तो हे गाणं आयुष्यभर वाजवत आला. मूळ १९५३ चं : ड्रमवर अर्ल पामर, सॅक्सोफोनवर ली ॲलन आणि रेड टायलर. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतलं ते हेच. नंतर १९७१-७२ च्या टेपवरचं, १९७४ च्या 'रॉक अँड रोल गंबो'वरचं, आणि थेट कार्यक्रमांतली बरीच.

गाण्याचा सांगाडा त्याचा स्वतःचा नाही. चँपियन जॅक डुप्रीने गायलेलं 'जंकर ब्लूज' हे त्याचं मूळ आणि फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' याच घराण्यातलं. नेहमीच्या ब्लूजचे १२ बार (तालाचे समान खंड) इथे नाहीत, ८ आहेत. वाजवायला बसणारे इथेच पहिली ठेच खातात : सवयीने १२ मोजत राहतात आणि गाणं दुसऱ्या फेरीला लागलेलं असतं.

९. 'बिग चीफ'मधला आवाज आणि शीळ फेसचीच ना?

१९६४ च्या मूळ तबकडीवर नाही. गाणं अर्ल किंगचं, गायला अर्ल किंग, शीळही अर्ल किंगचीच. फेसने फक्त पियानो वाजवला. ती सुरुवातीची पियानोची घसरगुंडी इतकी त्याची आहे की सगळं गाणंच त्याच्या नावावर जमा झालं.

१०. स्ट्रीमिंग ॲपवर 'हाउस पार्टी'समोर १९८७ दिसतं, तर काही संकलनांत तेच गाणं १९७२ म्हणून. चूक कुणाची?

चूक नाही, दोन वेगळी वर्षं आहेत : ध्वनिमुद्रणाचं आणि प्रकाशनाचं. ॲप बहुधा प्रकाशनाचं वर्ष दाखवतं, आणि पुनर्प्रकाशन असेल तर त्याचंही. 'न्यू ऑर्लीन्स पियानो'ची तर उलटी गंमत : १९७२ दिसतं, आत १९४९.

स्वतःची यादी करत असाल तर प्रत्येक गाण्यापुढे तीन रकाने ठेवा : कधी वाजवलं, कधी निघालं, गिटारवर कोण. तिसरा रकाना सर्वांत जास्त कामाचा. ईगलिन असेल तर १९७१-७२ ची टेप, 'गेटमाउथ' ब्राउन असेल तर १९७४ चं 'रॉक अँड रोल गंबो', डॉक्टर जॉन असेल तर 'क्रॉफिश फिएस्टा'. नव्वद टक्के गोंधळ एवढ्यावर मिटतो.

११. थेट कार्यक्रमांच्या ज्या रेकॉर्डिंग मागाहून आल्या, त्याही 'हरवलेल्या'च का?

वेगळा गट आहे. 'लाइव्ह ऑन द क्वीन मेरी' हे २४ मार्च १९७५ चं, कॅलिफोर्नियात लाँग बीचला नांगरलेल्या जहाजावरच्या पॉल मॅकार्टनीच्या पार्टीतलं. ते १९७८ मध्ये निघालं. 'द लास्ट मार्डी ग्रा' हे १९७८ मधलं, टिपिटिनाज या क्लबातलं, निघालं १९८२ मध्ये. हा क्लब १९७७ मध्ये चाहत्यांनी उघडला आणि फेसच्या गाण्याचंच नाव त्याला दिलं. याच क्लबातले आणखी कार्यक्रम पुढेही निरनिराळ्या कंपन्यांनी काढले आहेत, त्यामुळे तेच गाणं, त्याच वर्षाचं, दोन वेगळ्या मुखपृष्ठांखाली विकत घेण्याचा धोका इथे सर्वाधिक. घेण्याआधी गाण्याची लांबी सेकंदांपर्यंत ताडून पाहा.

१२. 'रॉक अँड रोल गंबो'च्या दोन प्रतींचा आवाज वेगळा का?

कारण मिक्स, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची जुळणी, वेगळं आहे. १९७४ चं मूळ प्रकाशन फ्रान्समधलं. १९८५ मध्ये पियानोवादक जॉर्ज विन्स्टनच्या डान्सिंग कॅट कंपनीने ते नव्याने मिक्स करून काढलं. पियानो अभ्यासायचा असेल तर नंतरची प्रत सोयीची. गिटार आणि व्हायोलिन दोन्ही वाजवणाऱ्या 'गेटमाउथ' ब्राउनसाठी घेत असाल तर दोन्ही ऐकून ठरवा.

१३. मला पेटी येते. फेसचा डावा हात पियानोवर किंवा किबोर्डवर कसा बसवू?

'टिपिटिना'चा मूळ सूर एफ, म्हणजे पांढरी ४. ८ मात्रांचं चक्र धरा, केरव्यासारखंच. फरक असा की केरवा ४ + ४ तोलतो, हा ३ + ३ + २ तोलतो. जोराचे ठोके १, ४ आणि ७ वर. आता पायऱ्या :

पहिली. फक्त टाळी. तोंडाने १ ते ८ एकसारखं मोजा, टाळी १, ४, ७ ला. चाल मिनिटाला ६० टाळ-ठोके (दर ठोक्याला २ मात्रा). दोन मिनिटं न चुकता जमेपर्यंत पट्टीला हात लावू नका.

दुसरी. डावा हात, एफ कॉर्ड : १ ला पांढरी ४, ४ ला पांढरी ६, ७ ला वरच्या सप्तकातली पांढरी १. बोटं ५, ३, १ (करंगळी, मधलं, अंगठा). बी-फ्लॅटसाठी काळी ५, मग पांढरी २, पांढरी ४. सी साठी पांढरी १, ३, ५. गाण्याला एवढ्या तीन कॉर्ड पुरतात. ही सरावाची साधी घडण आहे. तो स्वतः ती दर फेरीला थोडी बदलतो.

तिसरी. पाय. डावा हात चालू ठेवून टाच १, ३, ५, ७ ला टेकवा. ४ चा ठोका टाचेच्या मध्ये पडतो. इथे बहुतेकांचा डावा हात टाचेला जाऊन चिकटतो. तसं झालं की पुन्हा पहिल्या पायरीवर.

चौथी. उजवा हात. आधी एकच अलंकार : काळी ४ वरून बोट घसरवून पांढरी ६ वर. एकाच बोटाने, उचलून नाही. काळ्या पट्टीवरून पांढरीवर घसरता येतं, उलटं नाही. म्हणून हा अलंकार प्रत्येक पट्टीत तसाच बसत नाही आणि फेस ठराविक सुरांतच का रमतो त्याचं एक कारण इथे कळतं.

पाचवी. उजव्या हाताच्या तिगुनी, म्हणजे एका ठोक्यात तीन स्वर. बिघडतं ते इथे. उजवा हात तिगुनीत गेला की डावाही नकळत झुलायला लागतो आणि ७ चा ठोका ८ कडे सरकतो. उपाय : डाव्या हाताचा ७ चा स्वर काही दिवस मुद्दाम जास्त जोरात वाजवा.

चाल आठवड्याला ४-५ ने वाढवा. पेटीवाल्यांना आणखी एक अडचण येते : पेटीत डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे त्याची बोटं मुळात सुटी झालेली नसतात. डाव्याला उजव्याच्या दुप्पट वेळ द्या.

१४. सगळं बरोबर वाजवूनही किबोर्डवर तो आवाज येत नाही. का?

तीन कारणं. एक, तुम्ही 'कॉन्सर्ट ग्रँड' हा आवाज निवडला आहे. 'अपराइट' (उभा पियानो) निवडा, रिव्हर्ब (घुमारा) बंद करा. दोन, सस्टेनचं पेडल दाबून धरलं आहे. डाव्या हाताची ही घडण पेडलखाली चिखल होते. पेडल जवळजवळ सोडूनच द्या. तीन, त्याचा पाय. उभ्या पियानोच्या खालच्या फळीवर तो बुटाने लाथ मारून ताल धरायचा, इतकी जोरात की फळ्या फुटायच्या. जिथे ड्रम कमी आहेत तिथे ऐकू येणारा तो दबका 'धप्' पुष्कळदा पायाचा. किबोर्डच्या स्टँडवर हा प्रयोग करू नका. पायाखाली लाकडी पाट ठेवलेला पुरतो.

१५. इंटरनेटवरची एक प्रत अर्धा सूर चढी आहे. कोणती बरोबर समजायची?

एक अर्धा स्वर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के फरक. टेपवरून किंवा तबकडीवरून उतरवताना यंत्राचा वेग चुकला की असं होतं, आणि सूर व चाल दोन्ही एकदम बदलतात. अधिकृत प्रत शेजारी लावून दोन्ही तपासा :

सूर चढा आणि गाणं तेवढ्याच प्रमाणात छोटं असेल (३ मिनिटांचं साधारण २ मिनिटं ५० सेकंद), तर वेगाची चूक. सूर चढा पण लांबी तीच, तर कुणीतरी संगणकावर सूर बदलला आहे. सूर अर्ध्या स्वरापेक्षा कमी हललेला असेल तर घाईने दुरुस्त करू नका. स्टुडिओतला पियानोच ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर लावलेला नसण्याची शक्यता असते.

१६. घरी आजोबांच्या स्पूल टेप सापडल्या आहेत (नाट्यगीतं, रेडिओवरून घेतलेलं). त्याही अशा वाचवता येतील का?

हा प्रश्न फेसपेक्षा जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर.

लगेच लावून पाहू नका. आधी स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळी आरपार मिणमिणती दिसली तर टेप ॲसिटेटची, अपारदर्शक दिसली तर पॉलिएस्टरची. मग वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे ॲसिटेट कुजायला लागलं आहे. तो स्पूल बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि त्याचा नंबर पहिला लावा.

पॉलिएस्टर टेप वाजवताना चिरकत असेल, हेडवर (यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकट थर साचत असेल, तर ताबडतोब थांबा. टेपवरचा चिकटवणारा पदार्थ दमट हवेतलं पाणी पिऊन बसला आहे. हा रोग प्रामुख्याने सत्तरीच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या, मागच्या बाजूला काळा थर असलेल्या टेपना होतो. कोकण-मुंबईच्या हवेत तो लवकर बळावतो. जाणकार अशी टेप सुमारे ५०-५५ अंश सेल्सियसला, पाव इंची असेल तर साधारण ८ तास, नियंत्रित उष्णतेत ठेवतात, सावकाश थंड होऊ देतात आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरवून घेतात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये हे करू नका, त्याचं तापमान वीस-वीस अंशांनी हेलकावतं. ॲसिटेट टेप तर कधीच तापवायची नाही.

उतरवताना दुसऱ्या बाजूचा आवाज उलटा, मागे जाणारा ऐकू आला तर टेप बिघडलेली नाही. रेकॉर्ड करणाऱ्या आणि वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडची मांडणी वेगळी आहे. ७ इंची, १२०० फुटी स्पूल सेकंदाला साडेसात इंच वेगाने ३२ मिनिटं चालतो, पावणेचार इंच वेगाने ६४. फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला घ्या. स्टिरिओत तासाला २ जीबीच्या आसपास जागा लागते. खरखर काढणं वगैरे नंतर, प्रतीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

डब्यावर पेनाने लिहिलेलं काहीही असो, त्याचा फोटो काढून फाइलसोबत ठेवा.

१७. १९४९-५० च्या मूळ ७८ (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या परदेशातून मागवाव्यात का?

संग्रहासाठी हवं तर. ऐकण्यासाठी नको. १९४९ ची स्टार टॅलंटची तबकडी ('प्रोफेसर लाँगहेअर अँड हिज शफलिंग हंगेरियन्स', त्यात हंगेरीचं कुणी नव्हतं) दुर्मीळ आणि महाग आहे. मागवलीत तर तीन पथ्यं. एलपीची सुई चालत नाही. ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, एलपीची १८-२५ मायक्रॉनची असते आणि ती खोबणीच्या तळाशी घासत जाते. शेलॅकच्या तबकडीवर अल्कोहोल कधीही लावायचं नाही, ते शेलॅक विरघळवतं. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कापड पुरे. आणि १९५४ पूर्वीच्या तबकड्यांना आजचं प्रमाणित इक्वलायझेशन (जाड-बारीक सुरांचा समतोल) लागू नव्हतं, त्यामुळे नेहमीच्या ॲम्प्लिफायरवर आवाज बोजड किंवा पातळ लागला तर लगेच तबकडीला दोष देऊ नका.

१८. त्याचा चित्रित कार्यक्रम किंवा मुलाखत पाहायला मिळते का?

स्टीव्हनसन पाल्फीचा १९८२ चा माहितीपट आहे, टट्स वॉशिंग्टन, फेस आणि ॲलन टूसाँ या तीन पिढ्यांवर. तिघांचा एकत्र कार्यक्रम ठरला होता, तालीम चित्रित झाली, आणि कार्यक्रमाआधीच फेस गेला. त्यामुळे पुढे कॅमेऱ्यात त्याची अंत्ययात्रा आहे. पाल्फीने घेतलेली लांब मुलाखतही २०१८ मध्ये बाहेर आली. वाजवणाऱ्यांनी तालमीचा भाग आवाज बंद करून एकदा पाहावा. बोटं आडवी, पसरट पडतात.

१९. या संगीताचा मुंबई-गोव्याशी काही संबंध?

फेसचा थेट नाही. न्यू ऑर्लीन्सच्या पियानोचा आहे. टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक तरुणपणी न्यू ऑर्लीन्समध्ये शिकला, शिकागो आणि शांघाय करून १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. १९४५ मध्ये तो कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. फ्रँक फर्नांडसारखे गोवेकर वादक त्याच्या बँडमध्ये होते, आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. पण वेदरफर्डचा पियानो वेगळ्या वळणाचा. फेसचा रुम्बा त्यात शोधू नका.

२०. कॉपीराइटचं काय? जुनी गाणी आहेत, यूट्यूबवर टाकली तर चालतील ना?

ध्वनिमुद्रण आणि गाण्याची रचना या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत.

भारतात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९५३ ची 'टिपिटिना' त्या हिशेबाने २०१३ अखेर मोकळी झाली. 'हाउस पार्टी' १९७१-७२ ची असली तरी निघाली १९८७ मध्ये, म्हणजे २०४७ अखेरपर्यंत बांधलेली. 'मार्डी ग्रा इन बॅटन रूज' २०५१ अखेरपर्यंत. इथे प्रश्न १० मधला ध्वनिमुद्रणाचं वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष यांतला फरक पैशांत मोजला जातो.

रचनेचं संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. एकट्या बर्डच्या रचना २०४० अखेरपर्यंत. 'बिग चीफ' अर्ल किंगचं, तो २००३ मध्ये गेला, म्हणून २०६३.

यूट्यूबवर टाकलं की ते अमेरिकेतही दिसतं, आणि तिथला हिशेब वेगळा. १९५३ मध्ये निघालेली तबकडी तिथे २०६३ अखेरपर्यंत संरक्षित आहे. १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधी मुद्रित झालेल्या, पण १९५७ पूर्वी न निघालेल्या टेपना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण. बॅटन रूजची १९७१ ची सत्रं यात येतात. त्या तारखेनंतरच्या टेपना नेहमीचा केंद्रीय कायदा लागू होतो. एकाच अल्बमवरच्या दोन गाण्यांना दोन कायदे लागावेत, असं क्वचितच घडतं.

स्वतः वाजवून टाकत असाल तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न उरत नाही, रचनेचा उरतो. व्हिडिओवरची जाहिरातीची कमाई रचनेच्या मालकाकडे वळवली जाऊ शकते. तिकीट लावून कार्यक्रम करत असाल तर आयोजकाने मुंबईच्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून परवाना घ्यावा. अर्ज करताना गाण्यांच्या यादीत रचनाकाराच्या रकान्यात 'प्रोफेसर लाँगहेअर' असं लिहू नका. नोंदी बर्ड या आडनावाखाली सापडतात.